रत्नागिरीच्या सड्यावरून रॉकेट सोडायचं तर तोंड कुठे करायचं?

कातळपाय — शुक्रवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. वर्षभर कोपऱ्यात बसून नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

दिवसा काजूच्या फॅक्टरीत हिशेब लिहितो, रात्री उडतो. सुरुवात बहुतेकांसारखी कर्बल स्पेस प्रोग्रामपासून केली, म्हणजे काल्पनिक ग्रहावरून रॉकेट उडवायचा गेम. गेल्या महिन्यात ऑर्बिटर ह्या दुसऱ्या अंतराळयानाच्या गेमवर आलो. एक तर फुकट, दुसरं म्हणजे माझा लॅपटॉप आठ वर्षांचा आहे, आणि तिसरं म्हणजे इथे पृथ्वी खरी आहे. खरी पृथ्वी मिळाल्यावर माणूस पहिल्यांदा काय शोधतो? स्वतःचं घर. आमच्या घरामागे जांभ्याचा मोठा सडा, म्हणजे उघडं कातळपठार आहे. मे महिन्यात तिथे कुत्रंही फिरकत नाही, आणि पावसाळ्यात एवढी रानफुलं की पाय कुठे ठेवावा कळत नाही. म्हटलं, लाँचपॅड इथेच.

ऑर्बिटरमध्ये तळ उभारायला एक साधी मजकुराची फाईल लागते. नाव, जागा, पॅड, झालं. जागेच्या ओळीत मी १७ आणि ७३ लिहिलं. गेम चालू केला तर चहूकडे काळंशार पाणी आणि सूर्य क्षितिजाला चिकटलेला. अर्धा तास मला वाटत होतं की ग्राफिक्स कार्ड गेलं. मग कळलं की तिथे आधी रेखांश लिहायचा असतो आणि मग अक्षांश. माझा सडा नॉर्वेच्याही वर समुद्रात जाऊन बसला होता.

ते निस्तरलं. अटलांटिस शटल पॅडवर उभं केलं, नाक पूर्वेला, ९० अंश, आणि सोडलं. कक्षेत गेलं! उड्या मारल्या. मग स्पेस स्टेशनला टार्गेट केलं, तर माझ्या कक्षेचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी तिरपेपणा, १७ अंश आणि स्टेशनचा ५१.६. कल जुळवायला गेलो, टाकी रिकामी, आणि आकडा जेमतेम दोन अंशांनी हलला.

प्रश्न दोन. काय चुकलं? आणि खरोखरच कोकणातून रॉकेट सोडायचं झालं तर तोंड कुठे करायचं?

---

डोंबिवलीचा_चाकरमानी — शुक्रवार, रात्री ११:४१

समुद्राकडे कर बाबा. निदान शेजाऱ्याच्या कलमांवर तरी पडणार नाही. हापूसची नुकसानभरपाई परवडत नाही.

---

तिरपी_कक्षा — शनिवार, सकाळी ७:०५

कातळपाय, स्वागत. चुकलं काहीच नाही, कर्बलची सवय नडली. तिथलं लाँचपॅड विषुववृत्तावर आहे आणि पहिला चंद्र, मुन, त्याच पातळीत फिरतो. त्यामुळे डोळे मिटून ९० अंश धरलं तरी चालतं. पुढे ६ अंश कललेल्या मिनमसला जाताना पहिल्यांदा ठेच लागते, तीही हलकीच. तिथला ग्रहही लहान, त्रिज्या फक्त ६०० किमी. कक्षेतला वेग सेकंदाला सव्वादोन किमी, म्हणून कल बदलणं स्वस्तात पडतं. आपल्या पृथ्वीवर तोच वेग ७.७ किमी आहे.

आता एक नारळ घ्या. कोयत्याने त्याचे दोन सारखे भाग करायचे, म्हणजे पातं मधोमध गेलं पाहिजे. अट एकच, चीर तुमच्या सड्यावरून जायला हवी. सडा नारळाच्या पोटावर नाही, जरा वर आहे. मग पातं कसंही धरा, चीर पोटाच्या रेषेला किमान १७ अंश तिरपी पडणारच. कक्षा म्हणजे तीच चीर. ज्या अक्षांशावरून निघालात त्याहून कमी कल थेट मिळत नाही, आणि बरोबर पूर्वेला सोडलंत की नेमका तेवढाच मिळतो. तुम्हाला मिळाला तो १७.

१७ चा ५१.६ करायचा म्हणजे अंतर ३४.६ अंशांचं. वर गेल्यावर ते भरून काढायला सेकंदाला साडेचार किमीच्या वर वेग बदलावा लागेल. शटलच्या कक्षेतल्या इंजिनांकडे सगळं मिळून सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास वेग बदलण्याइतकंच इंधन असतं. दोन अंश हलला म्हणता ना, हिशेब अगदी बरोबर आहे.

उपाय जमिनीवरच करायचा. नाक ईशान्येला ठेवा. कागदावर दिशा ४०.५ अंश येते. पण तुमचा सडा आधीच पृथ्वीबरोबर सेकंदाला ४४५ मीटरने पूर्वेला धावतोय, ते वजा केलं की ३८ च्या आसपास. आणि वेळ पाळा. स्टेशनच्या कक्षेची पातळी दिवसातून दोनदा तुमच्या डोक्यावरून जाते, त्यातल्या ईशान्येकडे जाणाऱ्या वेळेला निघा. दर चार मिनिटांना पृथ्वी एक अंश फिरते. १० मिनिटं उशीर केलात तर कक्षा जवळपास दोन अंशांनी चुकते, आणि ते दुरुस्त करायला २६० मीटर लागतात. म्हणजे वर पोचताच टाकी संपली. चहा आधी घ्या, मग बसा.

आणि पुढच्या वेळी नुसतं वर्णन नको, गेममध्ये सेव्ह केलेली फाईल टाका. कातळावर डोकं आपटलेल्या यानाचीसुद्धा.

---

गजालीवाला — शनिवार, सकाळी ९:३०

ताईन सांगितलेला सगळा बरोबर आसा, पण माका एक सांगा. ईशान्येक सोडलास तर ते बूस्टर खंय पडतले? गेममध्ये पडतत ते पडतत, कोण बघूक जाता? पण प्रश्न खऱ्या कोकणाचो आसा ना?

---

भूगोलमास्तर — शनिवार, दुपारी १२:१५

गजालीवाल्यांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं. निवृत्तीनंतर नकाशा उघडायला निमित्त लागतं, ते मिळालं.

शटलचे दोन बूस्टर, म्हणजे बाजूला लावलेली दोन रॉकेटं, दोन मिनिटांत सुटायचे आणि पॅडपासून साधारण २२५ किमीवर समुद्रात पडायचे. हेच अंतर मी पट्टी घेऊन रत्नागिरीहून मोजलं. बरोबर पूर्वेला सोडलं तर बूस्टर जतच्या थोडे पुढे. ताईंच्या ३८ अंशांनी सोडलं तर वाट साताऱ्याजवळून, लोणंदकडून जाते, आणि बूस्टर दौंड आणि श्रीगोंद्याच्या मध्ये कुठेतरी उसाच्या फडात. शटल स्वतः तोवर जालना मागे टाकून पुढे गेलेलं. ह्यात सह्याद्रीचा अडसर मुळीच नाही, तो तर काही सेकंदांत खाली जातो. अडसर पलीकडच्या माणसांचा आहे.

श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर का, ह्याचं उत्तर हेच. पूर्वेला सोडलं की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकटात मिळतो आणि खाली बंगालचा उपसागर पसरलेला असतो. शिवाय १३.७ अंशांवर आहे, म्हणजे आपल्यापेक्षा विषुववृत्ताच्या जवळ.

मग चाकरमानी म्हणतात तसं समुद्राकडे, पश्चिमेला? चेष्टेत बोलले, पण एक देश खरोखर तसं करतो. इस्रायलच्या पूर्वेला शेजारी देश आहेत, म्हणून त्यांचे ओफेक उपग्रह भूमध्य समुद्रावरून पश्चिमेला सोडतात, पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट. आपण तसं केलं तर सड्याचे ४४५ मीटर मिळायचे तर नाहीतच, उलट अंगावर येतात. पूर्वेशी तुलना केली तर सेकंदाला ८९० मीटरचा भुर्दंड. रॉकेट तेच, पण वर जाणारं सामान फारच कमी.

उरली दक्षिण. दोन्ही ध्रुवांवरून जाणारे, पृथ्वीची छायाचित्रं घेणारे उपग्रह तसेच सोडतात. आपल्याकडून सरळ खाली रेघ ओढा, वाटेत लक्षद्वीप, मग मालदीव. श्रीहरिकोट्याला हीच अडचण श्रीलंकेची आहे. आपलं पीएसएलव्ही रॉकेट आधी बाजूने निघतं आणि मग वळसा घेतं, आणि त्या वळणात इंधन जातं. म्हणून तर तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ कुलशेखरपट्टिनमला लहान रॉकेटांसाठी नवीन तळ होतोय, फेब्रुवारी २०२४ मध्ये पायाभरणी झाली. तिथून दक्षिणेला मोकळा समुद्र.

आपल्या किनाऱ्याला मात्र अगदीच रिकाम्या हाताने उठवू नका. भारतातलं पहिलं रॉकेट उडालं ते अरबी समुद्राच्याच काठावरून, केरळातल्या थुंब्याहून, २१ नोव्हेंबर १९६३ ला. कोळ्यांचं गाव, नारळाची झाडं, आणि चर्चमध्ये थाटलेलं कार्यालय. ते रॉकेट कक्षेत जायचं नव्हतं, वरच्या हवेचा अभ्यास करून समुद्रात पडायचं होतं, म्हणून पश्चिम किनारा चालला. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे चुंबकसूची जमिनीला समांतर राहते ती रेषा, तिथून जवळून जातं हे मुख्य कारण.

तेव्हा कातळपाय, तुमच्या सड्यावर थुंब्यासारखं काही शोभेल. फक्त पॅड ओतायच्या आधी खाली कातळशिल्पं नाहीत ना, ते बघा. आपल्या सड्यांचा भरवसा नाही. माणूस गुरं चारायला जातो आणि पायाखाली हत्ती निघतो.

---

कातळपाय — रविवार, रात्री १०:५०

मास्तर, दौंडच्या उसाची माफी मागतो. गेममध्ये तरी तिथे कुणी राहत नाही.

कालची हकिगत. चहा आधी घेतला. दिशा ३८. पाऊस सकाळपासून धो धो. यान सुटलं, बूस्टर गेले, सहाव्या मिनिटाला लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो फक्त वायरीवर चालतो. सगळं काळं. आईने बाहेरून विचारलं, "मेणबत्ती देऊ का रे?" काय सांगणार तिला.

आज पुन्हा केलं. कलातला फरक ०.४ अंश! तोही उतरवला, सोबत फाईल टाकतोय. आता स्टेशन माझ्या पुढे ९०० किमीवर आहे. पकडायला पुढच्या दिशेने इंजिन मारलं तर अंतर वाढतंय. जास्त मारलं तर जास्त वाढतंय. हे कसलं गणित?

---

तिरपी_कक्षा — रविवार, रात्री ११:१५

फाईल उघडली. शटलच्या इंधनाची ओळ १.००० दाखवतेय. म्हणजे टाकी काठोकाठ. ०.४ अंश उतरवल्यावर, पुढे इंजिन मारल्यावर?

हे पेट्रोल कुठल्या पंपावर भरलंत?

---

कातळपाय — रविवार, रात्री ११:३२

सापडलो.

सिनारिओ एडिटर, म्हणजे गेममधले आकडे हाताने बदलायची खिडकी, उघडून टाकी भरली. खरं सांगायचं तर तिसऱ्या खेपेला वेळ चुकली होती, सुटल्यावर फरक १.७ अंश आला. टाकी त्यातच संपली. मग भरली आणि ०.४ लिहून मोकळा झालो. पहिल्याच धाग्यात तीनदा आपटलो हे लिहायची लाज वाटली.

---

तिरपी_कक्षा — रविवार, रात्री ११:४०

लाज कसली त्यात. मी इथे आले तेव्हा दोन आठवडे चंद्राच्या जागी सूर्याला टार्गेट करून बसले होते, आणि ती फाईल अजून इथेच आहे, कुणीही बघा. टाकी भरलीत त्याचं काही नाही, पुष्कळजण भरतात. पण आकडा खोटा असला की पुढचा सल्लाही खोटा जातो. तुम्ही ०.४ म्हणालात म्हणून मी "शाब्बास" लिहून झोपले असते. १.७ म्हटल्यावर कळतं की तुम्ही आठ-नऊ मिनिटं उशिरा निघालात. घड्याळ बघा, गेमच्या तारखेची वेळ भारतीय नाही, साडेपाच तासांचा फरक काढताना काही मिनिटं गाळलीत का?

---

कातळपाय — रविवार, रात्री ११:४४

गाळली. नऊ.

---

हर्णैकर — सोमवार, दुपारी २:२०

मासेमारीची बंदी चालू आहे, १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे होड्या शाकारून ठेवल्यात आणि घरात दोन माणसं रिकामी, मी आणि बाबा. सविस्तर लिहितो.

कातळपाय, स्टेशन पुढे आहे म्हणून तू पुढे रेटा दिलास. प्रत्येकजण देतो. माझे चार रविवार गेले त्यात. वेग वाढवलास की कक्षेची पलीकडची बाजू वर उचलली जाते, फेरी लांबते, आणि फिरून येईपर्यंत स्टेशन आणखी पुढे गेलेलं असतं. पुढच्याला गाठायचं तर नाक मागे वळव आणि थोडा ब्रेक मार. खाली उतरशील, खालचा रस्ता आखूड आणि वेगही जास्त. ४०० किमीवर एक फेरी ९२.६ मिनिटांची, ३०० किमीवर ९०.५ मिनिटांची. एवढं खाली गेलास तर दर फेरीला दोन मिनिटं कमावतोस, आणि त्या दोन मिनिटांत स्टेशन नऊशेहून जास्त किलोमीटर तोडतं. तुला एवढी घाई नको. ४० किमी खाली जा, अडीच-तीन फेऱ्यांत गाठशील, आणि जाऊन-येऊन खर्च सेकंदाला ५० मीटरच्या आत.

बाबांना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, ओहोटीच्या वेळी खाडीत शिरायचं तर सरळ तोंड घालून चालत नाही, आधी बाजूला जायचं. अगदी तेच आहे असं मी म्हणणार नाही, पण त्यांची मान हलली.

बाबा तांडेल आहेत. चाळीस वर्षं होडी धक्क्याला लावतायत. गेल्या आठवड्यात मी डॉकिंग, म्हणजे यान स्टेशनला लावायचं काम, करत होतो. अंतर दीडशे मीटर, वेग सेकंदाला एक मीटर. बाबा मागे खुर्चीत सुपारी कातरत बसलेले.

"धक्का किती लांब?"

"दीडशे मीटर."

"मग इंजिन चालू कशाला अजून?"

"बंदच आहे बाबा. आपोआप चाललंय."

अडकित्ता थांबला. जरा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाणी नाय, वारा नाय, मग थांबवणार कोण?"

मी म्हटलं, मी थांबवणार, जवळ गेल्यावर. आणि नेमकं तेव्हाच माझं बोट चुकलं. छोट्या इंजिनांचे दोन प्रकार असतात, एकाने यान जागच्या जागी फिरतं, दुसऱ्याने सरळ सरकतं. मी फिरवायच्या प्रकारात होतो. थांबायच्या ऐवजी यानाने मान टाकली. ऑर्बिटरमध्ये टक्कर होतच नाही, त्यामुळे अटलांटिस आख्ख्या स्टेशनच्या पोटातून भुतासारखं आरपार गेलं आणि पलीकडे निघालं.

बाबा म्हणाले, "आमच्यात असं झालं की विमावाला येतो."

आता ते सांगतात आणि मी दाबतो. दीडशे मीटरवरच वेग निम्मा, पन्नासवर आणखी निम्मा, शेवटच्या दहा मीटरला होडी चालतेय असं वाटताच कामा नये. खरं शटल स्टेशनला लागायचं ते सेकंदाला ३ सेंटीमीटरने. मी ५ वर आलोय. बाबांना ते अजून जोरात वाटतं.

---

पावसाळी_बेडूक — सोमवार, संध्याकाळी ६:१०

मी दहावीत आहे, श्रीवर्धनहून. प्रश्न बावळट असेल तर सॉरी. सगळे "एमएफडी बघ" म्हणतात ते काय? आणि ऑर्बिटर फुकट कसं? चोरीचं आहे का?

---

भूगोलमास्तर — सोमवार, संध्याकाळी ६:४५

बावळट मुळीच नाही बाळ. कॉकपिटमधले ते हिरव्या अक्षरांचे दोन पडदे म्हणजे एमएफडी. आधी फक्त कक्षेचा पडदा उघड आणि दोन आकडे वाचायला शीक, सर्वात जवळचा बिंदू आणि सर्वात लांबचा. बाकी महिनाभर विसर.

चोरीचं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मार्टिन श्वायगर ह्या संशोधकाने ते २००० साली बनवलं आणि तेव्हापासून फुकटच वाटलं. २०२१ मध्ये त्याचा कोडही सगळ्यांसाठी खुला केला. अभ्यास सांभाळून खेळ, दहावी आहे.

---

डोंबिवलीचा_चाकरमानी — मंगळवार, रात्री १२:०५

मंडळी, शेवटच्या लोकलमध्ये सुचलेली आयडिया. शिमग्यात पालखी घरोघरी जाते तशी ही फाईल फिरवूया का? कातळपायने सड्यावरून सोडलेलं यान, तेच पुढे. एकाने दोन दिवस ठेवायचं, आपलं काम करायचं, सेव्ह करून पुढच्याच्या दारात. स्टेशनला लागेपर्यंत. मला यंदा शिमग्याला रजा मिळाली नव्हती, ही तरी खांद्यावर घेऊ दे.

---

गजालीवाला — मंगळवार, सकाळी ८:२०

माका चलता. पण ऑटोपायलट लावूचा नाय हां. बटन दाबलास आणि पालखी आपोआप नाचली, तर खांदो कित्याक द्यायचो?

---

हर्णैकर — मंगळवार, सकाळी ८:५५

एवढं कडक नको. दिशा धरून ठेवायचा ऑटोपायलट खऱ्या शटलमध्येही होता. यान सरळ धरून ठेवायला चालेल, डॉकिंग हाताने.

---

गजालीवाला — मंगळवार, सकाळी ९:१०

बरा. पण इंधन भरलास तर सांगूचा.

---

तिरपी_कक्षा — मंगळवार, सकाळी ९:१५

तेवढी एकच अट मीही घालते. काहीही करा, फाईलबरोबर चार ओळी लिहा, काय केलंत आणि काय बिघडवलंत.

---

कातळपाय — बुधवार, रात्री ९:३०

पालखी उठली.

पहिल्यापासून पुन्हा सोडलं, घड्याळ नऊ मिनिटांनी नीट लावून. सुटल्यावर कलातला फरक ०.३ अंश, खरा. तो उतरवला. हर्णैकर म्हणाले तसा मागे ब्रेक मारला आणि अंतर कमी व्हायला लागलं, मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. आता स्टेशन ३१० किमी पुढे आहे आणि मी ३८ किमी खाली.

बिघडवलं ते असं. एकदा वेळ भरभर पळवायचं बटण चुकून दोनदा दाबलं आणि ब्रेक मारायची जागा मागे पडली, तो पुढच्या फेरीत मारला. त्यात थोडं इंधन वाया गेलं. टाकी ५८ टक्के. भरलेली नाही, ओळ वाचून बघा. मालवाहू कप्प्याचं दारही उघडं राहिलंय, बंद कसं करतात कळलं नाही.

दुपारी ऊन पडलं म्हणून सड्यावर जाऊन आलो. जिथे पॅड आहे तिथे रानफुलं आली आहेत आणि मध्ये गुडघाभर पाणी.

हर्णैकर, फाईल तुमच्याकडे. बाबांना सांगा, दीडशे मीटरवर यायला अजून दोन दिवस आहेत.

---

हर्णैकर — बुधवार, रात्री ९:५०

मिळाली. दार उघडंच असू दे, शटल कक्षेत असताना ते उघडंच ठेवायचे, उष्णता बाहेर टाकणारी तावदानं त्या दारांच्या आतल्या बाजूला असायची. बाबा पाण्याची खोली वावांत मोजतात, विचारतायत, ३८ किमी खाली म्हणजे किती वाव.